आधी यादी, मग बॅटरी

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. मी कॉन्व्हेंटची. 'एकोणसाठ' म्हणजे फिफ्टी-नाइन की सिक्स्टी-नाइन, हे मला अजूनही मनातल्या मनात मोजल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे मी मराठी विभागासाठी लिहितेय हे ऐकून माझी रूममेट आधी पोट धरून हसली आणि मग म्हणाली, "कविता असेल तर मी वाचणार नाही हं!" घाबरू नका, कविता नाहीये. लेख आहे, आणि तोसुद्धा इलेक्ट्रिकलचा. विषय साधा आहे. घरच्या सोलरला बॅटरी जोडली, तर लाईट गेल्यावर घरातलं काय काय चालू राहायला हवं, आणि ते ठरवायचं कोणी?

"हा तर व्हायवाचा प्रश्न झाला," असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. सगळ्या उपकरणांचे वॅट मांडा, बेरीज करा, तासांनी गुणा, एफिशियन्सीने भागा, खाली दोन रेघा मारा. पाचपैकी पाच मार्क. पण हेच गणित आमच्या घरी चुकलं, आणि तेव्हा पेपरवर लाल शेरा आला नाही. आजोबांचं मशीन बंद पडलं.

आमचं घर दापोली तालुक्यातलं. कोकणात लाईट जाणं ही काही बातमी नसते. पण ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि दापोली-मंडणगडपर्यंत सगळं झोडपून गेलं. मी तेव्हा दहावीत जाणार होते. आमच्या वाडीतले खांब काडेपेटीतल्या काड्यांसारखे आडवे झाले होते आणि लाईट परत आली ती जवळजवळ तीन आठवड्यांनी. मोबाइल चार्ज करायला आम्ही बाजारपेठेत जनरेटरवाल्याकडे रांग लावायचो. विहिरीला पाणी होतं, पण पंपाला करंट नव्हता, म्हणून आईने आणि मी पोहऱ्याने पाणी शेंदलं. बाबांनी तेव्हाच ठरवलं, पैसे साठले की सोलर बसवायचं.

पैसे साठले २०२४ मध्ये. त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्राची सूर्यघर योजना आली होती आणि ३ किलोवॅटच्या सिस्टिमला ७८,००० रुपये अनुदान होतं. आमच्या छपरावर पॅनल चढले. बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला मान वर करून दाखवायचे. बिल खरंच कमी झालं. आणि मग पावसाळ्यात पहिल्यांदा भर दुपारी लाईट गेली, तेव्हा सोलरसकट सगळं घर गपकन बंद! वर ऊन, छपरावर पॅनल आणि खाली पंखा बंद. आजी म्हणाली, "नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा."

यात बसवणाऱ्याची चूक नव्हती. बॅटरी नसलेलं साधं ऑन-ग्रिड सोलर असंच असतं. बाहेरची वीज गेली की त्याच्या इन्व्हर्टरने फार तर २ सेकंदांत स्वतःला बंद करून घ्यायचं असतं. कारण लाईन बंद आहे असं समजून खांबावर चढलेल्या लाइनमनला तुमच्या छपरावरून आलेल्या विजेचा झटका बसला, तर तो जिवानिशी जाईल. याला आपण अँटी-आयलँडिंग म्हणतो आणि थर्ड इयरला दोन मार्कांची टीप लिहितो. पण घरोघरी सोलर लागताना हे एक वाक्य गिऱ्हाइकाला आधी कोणी सांगत नाही. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलामुलींच्या आईवडिलांना आजही वाटतं की छपरावर सोलर म्हणजे लाईट जायची चिंता मिटली. नाही मिटत. त्यासाठी हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, आणि बॅकअपची वेगळी सर्किट काढावी लागतात.

तर २०२५ च्या सुरुवातीला बाबांनी तेही केलं. ३ किलोवॅटचा हायब्रिड इन्व्हर्टर आणि ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी. गुणाकार केला तर ५.१२ युनिट. बसवणारा आला तेव्हा मी हॉस्टेलवर सबमिशनच्या गडबडीत होते. त्याने बाबांना विचारलं, "बॅकअपवर काय घेऊ?" बाबा म्हणाले, "हॉल, दोन्ही बेडरूम, किचन. झालं." त्याने पुढच्या घराचा बोर्ड बॅकअपला जोडला, चहा घेतला आणि गेला.

आता आमचं घर म्हणजे पुढे नवं बांधकाम आणि मागे जुनं घर. जुन्या घराचा बोर्ड वेगळा. मागच्या खोलीत आजोबा झोपतात. त्यांना फुप्फुसाचा त्रास आहे, २०२३ पासून रात्री ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागतो. हवेतला ऑक्सिजन वेगळा काढून देणारं ते चाकांवरचं मशीन, फ्रिजसारखं घुरघुरतं. त्या खोलीला बॅकअप नव्हता. कोणी मुद्दाम टाळला असं नाही. फक्त यादी करताना त्या खोलीतलं कोणी तिथे उभं नव्हतं.

आणि अजून एक गोष्ट, जी लिहिताना मला आजही लाज वाटते. डॉक्टरांच्या सांगण्यावरून घरात ऑक्सिजनचा एक सिलिंडर भरून ठेवलेला असायचा. सोलरला बॅटरी लागल्यावर आम्ही तो परत करून टाकला. "आता कशाला? आता आपलीच वीज आहे!"

मे २०२५ चा शेवटचा आठवडा. त्या वर्षी पाऊस नेहमीपेक्षा खूप आधी कोकणात उतरला होता. मी सुट्टीवर घरी होते. रात्री सव्वादहाला कुठेतरी लाईनवर झाड पडलं आणि लाईट गेली. पुढच्या घरात पापणी लवायच्या आत बॅकअप आला. आम्ही खूश! आणि मग मागून मशीनच्या अलार्मचा आवाज यायला लागला.

बाबा आणि भाऊ एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन धावले. हॉलमधून माजघर, माजघरातून मागची खोली, अशी वायर ओढली. मशीन सुरू झालं. एक स्टँडचा पंखाही तिथे लावला. पाचेक मिनिटांचाच खेळ, पण आजोबांचा श्वास तेवढ्यातही वर झाला होता. मग मी इंजिनिअर म्हणून इन्व्हर्टरच्या स्क्रीनसमोर उभी राहिले. बॅटरी होती ६४ टक्के! भरलेली का नव्हती? कारण दिवस ढगाळ होता, आणि संध्याकाळी सातपासून इन्व्हर्टर बिल वाचवायला बॅटरीतलीच वीज वापरत होता. त्याला तसंच सेट केलेलं होतं.

साडेअकराला ४४ टक्के झाले. एका तासात सोळा टक्के जात होते. मी जर्नलच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. कॉन्सन्ट्रेटर ३५० वॅट, चार जुने पंखे मिळून ३००, फ्रिज सरासरी ५०, दिवे-राउटर थोडे, आणि इन्व्हर्टर स्वतःच खातो ते ५० वॅट. म्हणजे साधारण ७५० वॅट. १० टक्क्यांवर बॅटरी स्वतःला बंद करते. या वेगाने दीडच्या आसपास खेळ खल्लास. आम्ही फ्रिज, राउटर, बाकीचे पंखे सगळं बंद केलं. मशीन, एक पंखा, एक दिवा, बस्. तरी पहाटेपर्यंत पुरणार नव्हतं, फार तर पावणेतीन-तीनपर्यंत.

आजोबांनी नळी नाकाला लावलेलीच होती. त्यांनी विचारलं, "किती राहिलीय?" मी म्हटलं, "चव्वेचाळीस." न मोजता, पहिल्या फटक्यात बरोबर! ते हसले. म्हणाले, "शिकलीस की मराठी."

दोन वाजून वीस मिनिटांनी लाईट आली. स्क्रीनवर १६ टक्के होते. म्हणजे आमच्याकडे अजून पस्तीस मिनिटं होती. त्या पस्तीस मिनिटांनंतर काय केलं असतं, ते आम्ही त्या रात्री कोणीच बोललो नाही. बाबांनी गाडीची किल्ली मात्र साडेबारापासून खिशात घालून ठेवली होती.

यातून मी जे शिकले तेच सांगायला हा लेख आहे. बॅकअपचं डिझाइन बॅटरीपासून सुरू होत नाही, यादीपासून सुरू होतं. आणि ती यादी घरातल्या एकाच माणसाने करायची नसते.

दुसऱ्या दिवशी मी कागद-पेन्सिल घेऊन घरभर फिरले आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, "रात्रभर लाईट नसेल तर तुझं काय अडतं?" उत्तरं ऐका. भाऊ म्हणाला वाय-फाय. बाबा म्हणाले टीव्ही आणि पंखा. आई म्हणाली मिक्सर. त्यावर बाबा म्हणाले, "मिक्सर ५०० वॅटचा आहे, तो कसा चालेल?" आणि आजी म्हणाली, "मागच्या दाराचा दिवा. रात्री उठून मोरीत जाते तेव्हा दिसत नाही." ९ वॅटचा दिवा! कुठल्याही गणितात न येणारा, आणि त्याच्यावाचून आजी पायरीवरून पडली असती तर घर महिनाभर आडवं झालं असतं.

आता मिक्सरचा वाद बघा, कारण त्यात सगळा विषय आहे. बाबांनी मिक्सर वॅट बघून खोडला. पण मिक्सर दिवसाला दहा मिनिटं चालतो. ५०० वॅट गुणिले दहा मिनिटं म्हणजे ०.०८ युनिट. बाबांचा जुना पंखा ७५ वॅटचा, पण आठ तास चालतो. म्हणजे ०.६ युनिट. आईच्या मिक्सरच्या सातपट! वॅट म्हणजे एका वेळी किती ओढतोय, आणि युनिट म्हणजे एकूण किती संपवतोय. विहिरीच्या भाषेत सांगायचं तर पोहरा केवढा हा एक प्रश्न आणि विहिरीत पाणी किती हा दुसरा. इन्व्हर्टर हा पोहरा, बॅटरी ही विहीर. आमचा पोहरा ३ किलोवॅटचा, चांगला ऐसपैस होता. बसवणाऱ्याने तोच आकडा सांगितला आणि बाबांना वाटलं आता काय, सगळंच भागलं. विहीर किती खोल आहे ते कोणी डोकावून बघितलंच नाही.

मग मी आजोबांच्या एका खोलीचा हिशेब केला. रात्री नऊ ते सकाळी सात, दहा तास. कॉन्सन्ट्रेटर ३.५ युनिट, एक कमी विजेचा पंखा ०.३, दिवा ०.१, इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च ०.५. बेरीज ४.४ युनिट. आता बॅटरीतून बाहेर येताना काही टक्के वाया जातात (०.९२ धरू) आणि तळाची १० टक्के वापरायची नाही. म्हणून ४.४ ला ०.९२ ने भागा, मग ०.९ ने भागा. उत्तर येतं ५.३. आणि आमची बॅटरी ५.१२ ची! म्हणजे बाकीचं सगळं घर अंधारात ठेवलं आणि बॅटरी काठोकाठ भरलेली असली, तरी त्या एका खोलीलासुद्धा ती रात्रभर पुरली नसती. आणि आम्ही तिच्यावर टीव्ही लावला होता.

पूर्ण यादीचा हिशेब असा झाला. कॉन्सन्ट्रेटर ३.५, चार बीएलडीसी पंखे १.२, फ्रिज ०.५, दिवे ०.२, राउटर-मोबाइल ०.२, मिक्सर ०.१, इन्व्हर्टर ०.५. एकूण ६.२, आणि भागाकार करून बॅटरी ७.५ युनिटची. यात पंखे बदललेले धरलेत. जुने चार पंखे ३०० वॅट खातात, बीएलडीसी चार मिळून १२०. दहा तासांत १.८ युनिटचा फरक! एवढीच बॅटरी वाढवायला जो खर्च येतो, त्यापेक्षा चार पंखे कितीतरी स्वस्त पडतात. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरं, पण इथे पाय आखडले तर अंथरूणही लहान चालतं.

यादीतून काय गेलं तेही सांगते. गीझर गेला. २००० वॅट आणि शिवाय आमच्याकडे अजून तांब्याचा बंब आहे, त्याला चार काटक्या लागतात. पंपही गेला. एक हॉर्सपॉवरचा पंप चालताना जवळपास १००० वॅट घेतो, पण सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट करंट ओढतो. त्या धक्क्याने इन्व्हर्टर ट्रिप झाला तर त्याच्याबरोबर आजोबांचं मशीनही बंद. त्याऐवजी दिवसा ऊन असताना १००० लिटरची टाकी भरून ठेवायची. लाईट गेल्यावर पाणी आपल्या वजनाने खाली येतं. मला तर वाटतं, घरातली सगळ्यात स्वस्त बॅटरी म्हणजे छपरावरची भरलेली टाकी. निसर्ग वादळात आमच्याकडे ती टाकी असती तर आईचे हात सोलवटले नसते.

आता पुढची गोची. यादी वस्तूंची असते, पण वायर सर्किटची असते. आईचा मिक्सर ज्या पॉइंटवर चालतो, त्याच पॉइंटवर उद्या कोणी पाहुणा इंडक्शनची शेगडी लावेल. २००० वॅट! म्हणून अख्खं किचन बॅकअपवर घेणं हा आळशीपणा आहे. बॅकअपचा छोटा वेगळा बोर्ड काढायचा, त्यात मोजकीच सर्किट आणायची, प्रत्येकाला आपापला एमसीबी, आणि बॅकअपचे सॉकेट वेगळ्या रंगाचे लावायचे. आमच्याकडे ते लाल आहेत. आजीलासुद्धा कळतं, लाल म्हणजे आजोबांच्या बॅटरीचं.

आणि न्यूट्रल! सर्किटची फेज बॅकअपवर आणली आणि न्यूट्रल जुन्याच पट्टीवर राहू दिला, असं जुन्या घरात सर्रास होतं. मग आरसीसीबी उगाच ट्रिप होत राहतो, आणि वायरमन काका वैतागून तो बायपास करून टाकतात. म्हणजे रोग तसाच आणि वर डॉक्टरही हाकलला. फेज गेली तिथे तिचा न्यूट्रलही गेला पाहिजे. हे एक वाक्य पाठ करा, नोकरी लागेल न लागेल, कोणाचा तरी जीव वाचेल.

तिसरी गोष्ट सेटिंगची. हायब्रिड इन्व्हर्टरला सांगता येतं की बॅटरी इतक्या टक्क्यांखाली बिलासाठी वापरू नको, ती लाईट जाईल तेव्हासाठी राखून ठेव. आमचं राखीव होतं २० टक्के. म्हणजे रोज रात्री बॅटरी तिथपर्यंत रिकामी करायची मुभाच दिली होती. दिवाळीत बाबांनी दुसरी तेवढीच बॅटरी जोडली. आता एकूण १०.२४ युनिट आहेत आणि राखीव ८० टक्के. बिलात थोडा फायदा कमी होतो, होऊ दे. बाबांनी आधी कुरकुर केली, मग स्वतःच म्हणाले, "ते पैसे आजोबांच्या नावावर टाक." जुलैच्या एका दिवशी दिवसभरात तीन युनिटसुद्धा जेमतेम आलेले मी स्क्रीनवर बघितलेत. एरवी उन्हाच्या दिवशी हेच पॅनल बारा देतात. ज्या दिवशी लाईट जायची शक्यता जास्त, त्याच दिवशी सोलर कमी. कोकणाचं गणित असं उलटं आहे, म्हणून बॅटरीचा हिशेब पावसाचा धरायचा, उन्हाचा नाही.

आणि हो, सिलिंडर परत आणला. सगळ्यात आधी, बॅटरीच्याही आधी. कितीही चांगलं डिझाइन केलं तरी श्वासासारखी गोष्ट एकाच वायरवर टांगून ठेवायची नसते.

माझी रूममेट कॉम्प्युटरची. तिचं म्हणणं, "एवढा कुटाणा कशाला? मोठी बॅटरी घ्या, सगळं घर बॅकअपवर टाका, विषय संपला." ज्याला परवडतं त्याने करावं. पण बहुतेक घरांना परवडत नाही, आणि परवडलं तरी मोठ्या विहिरीलाही तळ असतो. सगळंच चालू राहिलं की कोणालाच कळत नाही आपण काय उपसतोय, आणि पहाटे तीनला महत्त्वाचं आणि बिनमहत्त्वाचं सगळं एकदमच बंद पडतं. तिचं दुसरं म्हणणं, "स्मार्ट स्विच लावा, बॅटरी कमी झाली की आपोआप एकेक लोड कापला जाईल." छान आहे, मीही लावीन. पण आधी काय कापायचं आणि शेवटपर्यंत काय ठेवायचं, हे त्या स्विचला कोण सांगणार? पुन्हा यादीच आली ना!

तुमच्या घरी सोलर नसेल, साधा इन्व्हर्टर असेल, तरी हे लागू आहे. १२ व्होल्टची १५० अँपिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी म्हणजे कागदावर १.८ युनिट. पण ती वर्षानुवर्षं टिकायला हवी असेल तर साधारण निम्मीच वापरायची, आणि त्यात इन्व्हर्टरची गळती. हातात येतं पाऊण युनिट. दोन जुने पंखे, पाच तास. आता तिच्यावर टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, फ्रिज सगळं लावून "बॅटरी खराब निघाली" म्हणून दुकानदाराशी भांडण्यात काय अर्थ आहे?

आता थोडं आपल्या हॉस्टेलबद्दल. रागावू नका, भांडायला लिहीत नाहीये. लाईट गेली की आपल्याकडे जनरेटरवर काय चालू होतं? पॅसेजमधल्या ट्यूब, ऑफिस आणि गेटचा दिवा. काय होत नाही? वॉटर प्युरिफायर, बाथरूममधले दिवे आणि मेसच्या किचनमधला एक्झॉस्ट फॅन. मेसच्या मावशींना मी विचारलं, "लाईट गेल्यावर तुमचं काय अडतं?" त्या म्हणाल्या, "अगं, इतक्या वर्षांत हे विचारणारी तू पहिलीच. धूर कोंडतो बघ, पोळ्या लाटताना डोळे उघडत नाहीत." बहुतेक हॉस्टेल बांधताना ही यादीसुद्धा कोणीतरी ऑफिसमध्ये बसून केली असणार, जसे बाबा हॉलमध्ये उभे राहून 'झालं' म्हणाले तसंच. त्यात कोणाचा दुष्टपणा नसतो. फक्त तिथे नसलेल्या माणसाचं काय अडतं, हे तिथे असलेल्याला सुचत नाही.

म्हणून रेक्टर मॅडमना आणि आमच्या विभागाच्या सरांना एक विनंती. पुढच्या वर्षीच्या मिनी-प्रोजेक्टमध्ये एक प्रोजेक्ट हॉस्टेलच्या बॅकअपचा द्या. आम्ही चारपाच जणी प्रत्येक मजल्यावर फिरू, वॉचमन काकांपासून मावशींपर्यंत सगळ्यांना विचारू, मीटर लावून मोजू आणि यादी करून देऊ. एक्झॉस्ट फॅन ५०-६० वॅटचा असेल. जनरेटरला तो जाणवणारसुद्धा नाही.

आणि तुम्हा सगळ्यांना विनंती. या सुट्टीत घरी गेलात की अर्धा तास काढा. बोर्डावरचा एकेक एमसीबी बंद करून बघा कुठलं काय बंद होतं, आणि त्याच्यावर चिठ्ठी चिकटवा. घरात ज्यांचं औषध, मशीन, उठणं-बसणं विजेवर आहे, त्यांना आधी विचारा. जे 'माझं काही अडत नाही' म्हणतात, त्यांना दोनदा विचारा. आपल्यातले बरेच जण उद्या सोलरच्याच धंद्यात जाणार आहोत. गिऱ्हाइकाच्या दारात उभं राहून "किती किलोवॅट टाकू?" असं विचारण्याआधी एवढंच विचारा, "घरात कोण कोण असतं?"

ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी पोटात घातल्या असतीलच. वॅटच्या हिशेबात चूक सापडली तर मात्र रूमवर येऊन भांडा. चहा मी पाजीन. लाईट असेल तर!